एक माल, अनेक पर्याय : ऑनलाइन लिस्टिंगविषयी वाचकांचे प्रश्न

मुंबईत घरातून किंवा लहानशा गाळ्यातून माल विकणाऱ्या वाचकांची या महिन्यात जी पत्रे आली, त्यांतील बहुतेकांचा विषय एकच आहे : एकाच मालाचे रंग, मापे आणि वजने ऑनलाइन दुकानात कशी मांडायची आणि त्यांचा तपशील कोठे व किती लिहायचा. काउंटरवर आलेले गिऱ्हाईक “यात मोठे माप आहे का?” असे विचारते आणि दुकानदार मागच्या फळीवरून डबा काढून दाखवतो. ऑनलाइन दुकानात ते विचारण्याची सोय असली तरी विचारण्याइतकी सवड फार थोड्यांना असते. लिस्टिंगमध्ये, म्हणजे मालाच्या ऑनलाइन पानावर, जे सापडत नाही, त्यासाठी गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जाते, किंवा अंदाजाने माल मागवते आणि परत पाठवते. म्हणून हा संपूर्ण अंक याच विषयाला दिला आहे. पत्रे जागेअभावी संक्षिप्त केली आहेत.

दादरच्या एका वाचक भगिनीचा प्रश्न : मी शिवलेल्या नऊवारी साड्या विकते आणि त्यासाठी वूकॉमर्सवर (वेबसाइटवर दुकान चालवण्याच्या सॉफ्टवेअरवर) दुकान उघडले आहे. सहा रंग, कमरेची पाच मापे, उंचीची तीन मापे आणि कॉटन व सेमी-सिल्क अशी दोन कापडे धरल्यावर एकूण १८० व्हेरिएशन्स (निवडीच्या जोड्या) तयार झाली. माझ्याकडे शिवून तयार असलेले नग चाळीसच्या आसपासच आहेत. शिवाय काही व्हेरिएशन्स पानावर दिसतच नाहीत. प्रत्येक रंगाचे वेगळे प्रॉडक्ट करावे का?

उत्तर : रंग वेगळे करू नका, कापड मात्र वेगळे करा. वस्तू पसंत पडल्यावर गिऱ्हाईक जी निवड करते, तिला व्हेरिएशन म्हणावे. ज्या गोष्टीवरून वस्तू पसंत पडते किंवा पडत नाही, ती वेगळे प्रॉडक्ट ठरते. आणि जिथे निवडीला वावच नसतो, ती नुसती माहिती असते. ही कसोटी लावली तर तुमचा गुंता बराच सुटेल. कॉटनची नऊवारी शोधणारी बाई बहुधा कार्यक्रमासाठी किंवा नाचाच्या सरावासाठी साडी शोधत असते आणि सेमी-सिल्क पाहणारी घरच्या लग्नकार्यासाठी. दोन्हींचे धुणे वेगळे, वजन वेगळे, भाव वेगळा आणि फोटोही वेगळे. त्यांना एका पानावर कोंबल्याने दोघींचाही गोंधळ होतो. हीच गोष्ट ब्राह्मणी आणि पेशवाई शिलाईची : शिलाईची पद्धत बदलली की नेसल्यावरचे रूपच बदलते, म्हणून तिला स्वतंत्र पान द्यावे. रंग, कंबर आणि उंची या तीन गोष्टी मात्र साडी आवडल्यानंतर निवडायच्या असतात, तेव्हा त्या व्हेरिएशनमध्येच राहू द्या.

१८० ही संख्या गणिताने आली आहे, तुमच्या कपाटातून आलेली नाही. वूकॉमर्समध्ये सर्व जोड्या एकदम तयार करणारे बटण असते आणि नवखा विक्रेता ते हमखास दाबतो. त्याऐवजी जी जोडी शिवून तयार आहे तेवढीच हाताने भरा. अर्धा दिवस जाईल, पण नसलेला माल विकला जाण्याचा धोका टळेल. जी व्हेरिएशन्स दिसत नाहीत, त्यांची किंमत रिकामी राहिली आहे का ते आधी पाहा, कारण किंमत न भरलेले व्हेरिएशन वूकॉमर्स गिऱ्हाइकाला दाखवत नाही. दुसरी शक्यता अशी की, रंगाच्या ॲट्रिब्यूटखाली (गुणधर्माखाली) ‘युज्ड फॉर व्हेरिएशन्स’ या चौकटीत खूण केलेली नाही. तसे असेल तर रंग माहितीच्या तक्त्यात दिसेल, पण निवडता येणार नाही.

याच ठिकाणी आणखी एक खाचखळगा आहे. व्हेरिएशन भरताना रंगाच्या जागी ‘एनी’ (कोणताही) तसेच राहिले, तर ते एकच व्हेरिएशन सगळ्या रंगांना लागू होते आणि त्याचा स्टॉकही सगळ्या रंगांत मिळून एकच धरला जातो. म्हणजे कंबर ३२ मध्ये चार रंगांच्या चार साड्या असतील आणि तुम्ही स्टॉक चार लिहिला असेल, तर चारही ऑर्डरी डाळिंबी रंगाच्याच येऊ शकतात, आणि डाळिंबी तर एकच आहे. कापडानुसार दोन प्रॉडक्ट केल्यावर प्रत्येकाखाली वीस-पंचवीस व्हेरिएशन्स उरतील, आणि याचा आणखी एक फायदा आहे. एका प्रॉडक्टखाली ३० हून अधिक व्हेरिएशन्स झाली की वूकॉमर्स त्यांची माहिती पानासोबत आधीच पाठवत नाही. त्यामुळे अमुक रंगात तमुक माप नाही हे गिऱ्हाइकाला सगळे निवडून झाल्यावर कळते. तीसच्या आत राहिलात तर नसलेली मापे यादीतून आपोआप गळतात.

मापांबद्दल एवढेच सांगते की, उंची हा शब्द एकटा लिहू नका. ती कमरेपासून घोट्यापर्यंतची की नेसणारीची एकूण, हे स्पष्ट हवे. आणि फोटोतील ब्लाउज सोबत मिळणार नसेल, तर ते वर्णनाच्या पहिल्या दोन ओळींतच लिहावे.

भुलेश्वरजवळ बांगड्यांचे दुकान असलेल्या वाचकाचा प्रश्न : आमच्याकडे काचेच्या आणि धातूच्या बांगड्या २.२ पासून २.१० पर्यंतच्या मापांत आहेत. सर्व माल एक्सेलच्या फाइलमधून ऑनलाइन दुकानात चढवला. आता २.१० हे माप यादीत कुठेच दिसत नाही, २.१ असे नसलेलेच माप दिसते आणि तेही सर्वांत वर. मापाच्या कारणावरून बांगड्या परतही फार येतात.

उत्तर : यादीविषयीच्या तुमच्या दोन्ही तक्रारींचे मूळ एकच आहे. बांगडीच्या मापातील टिंब हे दशांश चिन्ह नाही. २.४ म्हणजे दोन पूर्णांक चार सोळांश इंच, अर्थात सव्वादोन इंच; २.८ म्हणजे अडीच इंच, आणि २.१० म्हणजे दोन पूर्णांक दहा सोळांश इंच. हे तुम्हाला, तुमच्या कारागिराला आणि जुन्या गिऱ्हाइकाला पाठ असते, पण एक्सेलला ते ठाऊक नाही. एक्सेल २.१० ला संख्या समजते, शेवटचे शून्य निरर्थक म्हणून टाकून देते आणि २.१ उरते. फाइल तशीच जतन केली की मूळ माप कायमचे जाते. क्रमवारी लावतानाही तेच घडते : संख्या म्हणून पाहा की अक्षरे म्हणून पाहा, २.१० हे २.२ च्या आधी येते, आणि तुमचे सर्वांत मोठे माप यादीत सर्वांत लहान असल्यासारखे वर जाऊन बसते.

यावर सर्वांत साधा उपाय असा की, मापाच्या नावातच मिलिमीटर लिहावेत. बांगडीच्या आतल्या व्यासाचे हिशेब असे : २.२ म्हणजे ५४ मिमी, २.४ म्हणजे ५७.२, २.६ म्हणजे ६०.३, २.८ म्हणजे ६३.५ आणि २.१० म्हणजे ६६.७ मिमी. रकान्यात नुसते ‘२.१०’ न लिहिता ‘२.१० – ६६.७ मिमी’ असे लिहिले की एक्सेल त्याला मजकूर मानते आणि हात लावत नाही. टिंबाऐवजी आडवी रेघ देण्याचा मोह टाळा, कारण मग एक्सेल त्याची तारीख करते. मापे भरण्यापूर्वी किंवा फाइल आयात करताना तो रकाना ‘टेक्स्ट’ प्रकारचा करून घेणे हा दुसरा उपाय आहे आणि बारकोडच्या रकान्यासाठी तो करावाच लागतो, नाहीतर तेरा अंकी क्रमांक ८.९ वगैरे लिहून पुढे ‘ई’ अशा रूपात आक्रसतो. रंगांची नावे देवनागरीत लिहीत असाल तर फाइल ‘यूटीएफ-८’ प्रकारातच जतन करा, अन्यथा अक्षरांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात. शेवटी, वूकॉमर्समध्ये त्या ॲट्रिब्यूटची क्रमवारी नावानुसार न ठेवता ‘कस्टम ऑर्डरिंग’ ठेवा आणि मापे हाताने ओढून क्रमाने लावा.

आता परत येणाऱ्या बांगड्यांविषयी. गिऱ्हाईक मनगट मोजते आणि चूक तेथेच होते. काचेची बांगडी उघडत नाही. ती मुठीवरून, म्हणजे अंगठ्याच्या मुळाशी हात जिथे सर्वांत रुंद असतो तेथून जावी लागते. पेच असलेले धातूचे कडे मात्र उघडून घालता येते, त्यामुळे त्याच हाताला ते एका मापाने लहानही चालते. तेव्हा काचेच्या आणि पेचाच्या बांगड्यांचे मापाचे तक्ते वेगळे द्या. दोन्हींच्या पानांवर ‘नेहमी घालता ती बांगडी फुटपट्टीवर ठेवून आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत मोजा’ ही सूचना चित्रासह द्या. मोजपट्टीवर ठेवलेल्या बांगडीचा एक स्वच्छ फोटो हे काम दहा ओळींच्या वर्णनापेक्षा चांगले करतो. एक डझन, अर्धा डझन की चार नगांचा संच, हेही व्हेरिएशनच्या नावात यावे. फोटोत हातभर बांगड्या दिसतात आणि किंमत चार नगांची असते, यावरून होणारे वाद तुम्हाला नवीन नसतील.

लालबागहून आलेला प्रश्न : घरगुती मालवणी मसाला मी १०० ग्रॅम, २५० ग्रॅम आणि ५०० ग्रॅमच्या पाकिटांत, मध्यम आणि तिखट अशा दोन प्रकारांत विकते. पाकिटावर सर्व माहिती मराठीत छापली आहे. ऑनलाइन पानावर ती पुन्हा लिहावी लागते का? आणि एकदाच लिहिली तर चालते का?

उत्तर : पुन्हा लिहावी लागते, आणि तीही प्रत्येक पाकिटागणिक. वजन-मापे कायद्याखालील आवेष्टित वस्तूंच्या २०११ च्या नियमांनुसार पाकिटावर उत्पादकाचे किंवा पॅकिंग करणाऱ्याचे नाव व पत्ता, वस्तूचे सर्वसामान्य नाव, निव्वळ वजन, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत (एमआरपी) आणि तक्रारीसाठी संपर्क द्यावा लागतो. १ जानेवारी २०१८ पासून हीच माहिती ऑनलाइन विक्रीच्या पानावरही दिसली पाहिजे. उत्पादनाचा किंवा पॅकिंगचा महिना व वर्ष एवढेच पानावरून वगळता येते, कारण ते प्रत्येक घाण्याला बदलते. यांपैकी पत्ता आणि संपर्क सर्व पाकिटांना समान असल्याने तो मुख्य वर्णनात एकदा दिला तरी पुरतो. निव्वळ वजन आणि एमआरपी मात्र पाकिटानुसार बदलते, म्हणून गिऱ्हाइकाने ५०० ग्रॅम निवडल्यावर ५०० ग्रॅमचीच एमआरपी समोर आली पाहिजे. वूकॉमर्समध्ये प्रत्येक व्हेरिएशनला स्वतःच्या वर्णनाची चौकट असते. तिचा उपयोग नेमका यासाठी करावा. अन्न परवान्याचा १४ अंकी क्रमांक आणि शाकाहाराचे हिरवे चिन्ह फोटोत स्पष्ट वाचता येईल असे ठेवा.

पाकिटावरील माहिती केवळ मराठीत असणे मात्र पुरेसे नाही. नियमांनुसार ही विधाने देवनागरीतील हिंदीत किंवा इंग्रजीत असावी लागतात आणि त्यांच्या जोडीला अन्य कोणतीही भाषा वापरता येते. मराठीत छापलेले पाकीट पाहून मला मनापासून आनंद होतो आणि ते तसेच राहावे. फक्त त्याच माहितीची इंग्रजी किंवा हिंदी ओळ शेजारी आणा.

मध्यम आणि तिखट हे व्हेरिएशन म्हणून चालेल, पण एका अटीवर. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने द्यावी लागते. तिखट प्रकारात संकेश्वरी किंवा लवंगी मिरचीचे प्रमाण वाढवल्याने धने मागे गेले आणि मिरची पुढे आली, तर दोन्ही प्रकारांची यादी एकच राहत नाही. अशा वेळी घटकांची यादी मुख्य वर्णनात न ठेवता त्या त्या व्हेरिएशनखाली द्यावी. मोहरी, तीळ, शेंगदाणे यांची ॲलर्जी असणारी माणसे ही यादी बारकाईने वाचतात, आणि त्यांनी दुसऱ्याच पाकिटाची यादी वाचावी हे योग्य नाही.

भावाची तुलनाही गिऱ्हाइकाला करता यावी. १०० ग्रॅम ९० रुपयांना आणि ५०० ग्रॅम ४०० रुपयांना असेल, तर पहिले ग्रॅमला ९० पैसे आणि दुसरे ८० पैसे पडते. असा एककाचा भाव पाकिटावर छापणे आता आवश्यक आहे. पानावरही लिहिलात तर मोठे पाकीट आपोआप अधिक खपेल.

माहीमच्या कंदील गल्लीतून एका कारागीर वाचकाचा प्रश्न : तीन आकारांचे आकाशकंदील ऑनलाइन ठेवले आहेत. किमती बरोबर आहेत, विक्रीही होते, पण मोठ्या कंदिलांत कुरिअरचा खर्च नफा खाऊन टाकतो. कंदिलाचे वजन तर अर्धा किलोही नाही.

उत्तर : कुरिअर तुमच्याकडून कंदिलाच्या वजनाचे नव्हे, तर खोक्याने अडवलेल्या जागेचे पैसे घेते. बहुतेक कंपन्या खोक्याची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून त्या गुणाकाराला ५००० ने भागतात, आणि जे किलो येतात ते प्रत्यक्ष वजनापेक्षा अधिक असले तर त्यांवर आकारणी करतात. ३० सेंमी घनाच्या खोक्याचे असे ५.४ किलो होतात आणि ४५ सेंमी घनाच्या खोक्याचे तर १८ किलोंच्याही वर. कंदील घडीचा करून ४५ बाय ३० बाय ४ सेंमीच्या चपट्या खोक्यात बसवला, तर तोच आकडा १.०८ किलोवर येतो.

लिस्टिंगमधली नेमकी उणीव बहुधा ही असावी : वजन आणि मापे तुम्ही मुख्य प्रॉडक्टला लहान कंदिलाप्रमाणे भरली असतील आणि व्हेरिएशनमध्ये ती रिकामी सोडली असतील. रिकामी जागा वूकॉमर्स मुख्य प्रॉडक्टच्या आकड्यांनी भरून काढते, म्हणून मोठ्या कंदिलासाठीही गिऱ्हाइकाकडून लहान कंदिलाचाच वाहतूक खर्च घेतला जातो आणि वरचा खर्च तुमच्यावर पडतो. तिन्ही आकारांसाठी बांधलेल्या खोक्याची मापे स्वतंत्र भरा. कंदिलाचा स्वतःचा आकार वर्णनात वेगळा लिहा, कारण गॅलरीत तो मावेल की नाही हे गिऱ्हाइकाला त्यावरूनच ठरवायचे असते. ‘घडीचा’ आणि ‘जोडलेला’ असे दोन पर्याय देणार असाल, तर घडीचा कंदील उघडण्याची कृती पानावर हवीच.

गोरेगावहून : सिल्कच्या साड्यांचे रंग फोटोपेक्षा वेगळे निघाले म्हणून साड्या परत येतात. रंगांची नावे आम्ही चिंतामणी, आमसुली, मोरपंखी अशी देतो, ती चुकीची आहेत का?

उत्तर : नावे अगदी योग्य आहेत आणि ती सोडू नका. मराठी गिऱ्हाइकाच्या डोळ्यांपुढे त्या नावांनी जो रंग उभा राहतो, तो ‘डार्क ब्लू’ने राहत नाही. मात्र बाजारपेठांच्या साइटवर रंगासाठी बऱ्याचदा दोन जागा असतात : एक तुमच्या नावाची आणि दुसरी ठरावीक यादीतून निवडण्याची. पहिल्या जागी ‘चिंतामणी’ लिहा आणि दुसऱ्या जागी निळा निवडा. दुसरी जागा रिकामी राहिली, तर निळी साडी शोधणाऱ्या बाईला तुमची साडी दिसणारच नाही. फोटो प्रत्येक रंगाचा स्वतंत्र हवा. एकाच फोटोचा रंग संगणकावर बदलून दहा रंग दाखवण्याची पद्धत मला मुळीच मान्य नाही, कारण काठाचा आणि जरीचा रंग त्यात खोटा होतो. सिल्कमध्ये उभे आणि आडवे धागे निराळ्या रंगांचे असले की घडीगणिक छटा बदलते. अशा साडीचे खिडकीच्या उजेडात दोन कोनांतून फोटो घ्या आणि धाग्यांचे दोन्ही रंग लिहून टाका.

बोरिवलीच्या एका बुटीकचालक भगिनीचा प्रश्न : कुर्त्याच्या मोठ्या साइजला कापड जास्त लागते. डबल एक्सेलला (XXL) दीडशे रुपये अधिक लावले, पण गिऱ्हाइकाला फरक जवळजवळ पाचशेचा दिसतो. हे कसे?

उत्तर : तुम्ही करवगळता किंमत एक्सेल (XL) साइजसाठी २,४५० आणि डबल एक्सेलसाठी २,६०० ठेवली आहे, असे पत्राच्या मागच्या हिशेबावरून दिसते. तयार कपड्यांवर २२ सप्टेंबर २०२५ पासून नगामागे २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के आणि त्याहून अधिक किमतीला १८ टक्के जीएसटी आहे. म्हणून एक्सेल साइजचा कुर्ता २,५७२ रुपये ५० पैशांना पडतो आणि डबल एक्सेल ३,०६८ रुपयांना. एकाच प्रॉडक्टखालील दोन व्हेरिएशन्सना दोन वेगळे कर लागू शकतात, हे लक्षात घेऊन कराचा वर्गही व्हेरिएशननुसार निवडा. माझा सल्ला विचाराल तर, सर्व साइजना सरासरी काढून एकच भाव ठेवा. मोठ्या बांध्याच्या बाईला त्याच कुर्त्यासाठी पाचशे रुपये अधिक मोजावे लागणे तिला बोचते, आणि तुमचे कापड त्या मानाने फारसे वाढत नाही. साइजच्या तक्त्यात छातीचे माप लिहिताना ते अंगाचे की शिवलेल्या कुर्त्याचे हे सांगायला विसरू नका. दोहोंत सैलपणासाठी सोडलेल्या काही इंचांचा फरक असतो आणि परत येणारे बरेच कुर्ते त्यापायी येतात.

धारावीतून, चामड्याच्या वस्तू बनवणाऱ्या वाचकाचा प्रश्न : एका मोठ्या साइटवर आमच्या पाकिटाला चांगले रिव्ह्यू आहेत. ते मॉडेल आता बंद करत आहोत. नवीन बॅग त्याच लिस्टिंगखाली व्हेरिएशन म्हणून टाकली तर जुने रिव्ह्यू मिळतील, असे एकाने सुचवले. आणि सर्व रंगांना एकच बारकोड चालेल का?

उत्तर : दोन्हींचे उत्तर नाही असेच आहे. ॲमेझॉनसारख्या ठिकाणी एका पेरेंटखाली (मुख्य लिस्टिंगखाली) अनेक चाइल्ड लिस्टिंग्ज (पोटलिस्टिंग्ज) असतात. पेरेंट विकत घेता येत नाही. तो केवळ रंग आणि साइज एकत्र बांधण्यासाठी असतो, आणि त्यांचे रिव्ह्यू एकत्र दिसतात ते वस्तू एकच आहे या विश्वासावर. पाकिटाविषयी लोकांनी लिहिलेले चांगले बोल बॅगेच्या नावावर दाखवणे ही गिऱ्हाइकाची फसवणूक आहे. साइट्सच्या नियमांत याला मनाई आहे आणि लिस्टिंग बंद होऊ शकते. ग्राहक संरक्षणाच्या २०२० च्या ई-कॉमर्स नियमांनीही विक्रेत्याला मालाच्या दर्जाविषयी किंवा वैशिष्ट्यांविषयी खोटे चित्र उभे करण्यास मनाई केली आहे, आणि जाहिरातीत सांगितल्याप्रमाणे माल नसेल तर तो परत घेण्यास नकार देता येत नाही. तुमच्या हातात कसब आहे. बॅगेला तिचे स्वतःचे पान द्या आणि पहिले रिव्ह्यू येईपर्यंत धीर धरा. चामडे कोणत्या जनावराचे आहे, अस्तर कशाचे आहे, शिलाई हाताची की मशीनची, हे त्या पानावर खरे लिहा. कृत्रिम चामड्याचा पट्टा असलेली बॅग ‘अस्सल चामडे’ म्हणून चढवू नका.

बारकोड रंगागणिक आणि साइजगणिक वेगळा लागतो. काळे पाकीट आणि तपकिरी पाकीट या साइटच्या गोदामात दोन वेगळ्या वस्तू आहेत. एकच क्रमांक असेल तर कोणते उचलायचे हे तिथल्या माणसाला कळणार नाही. भारतात हे क्रमांक जीएस-१ इंडियाकडून मिळतात आणि ८९० ने सुरू होतात. ८९० चा अर्थ क्रमांक तेथून दिला गेला एवढाच असतो, माल भारतात बनला असा नाही. म्हणून मूळ देशाचा रकाना वेगळा भरावा लागतो. तुमचा स्वतःचा एसकेयू, म्हणजे मालाला तुम्ही दिलेला सांकेतिक क्रमांक, याहून निराळा आणि तो तुमच्या सोयीचा असावा : वस्तू, रंग आणि साइज यांची दोन-तीन अक्षरे क्रमाने जोडा, सुरुवातीला शून्य देऊ नका आणि शून्याशी गल्लत होणारे ‘ओ’ हे अक्षर टाळा. एकदा दिलेला एसकेयू मॉडेल बंद झाले तरी दुसऱ्या वस्तूला देऊ नका, कारण जुन्या ऑर्डरीचा माल परत आला की तोच क्रमांक पाहून तो कोणता हे ठरवायचे असते. पाकिटाच्या आतल्या चिठ्ठीवर आणि बाहेरच्या खोक्यावर लिस्टिंगमधलाच एसकेयू छापा, म्हणजे पॅकिंग करणाऱ्या पोराला रंगाचे नाव वाचून अंदाज करावा लागणार नाही.